बांधाला एक चौकोन

नकाशात माप चुकवायचं नाही, हा माझा नेम होता. जे मापात बसेल ते नकाशात येईल, बसणार नाही ते राहील बाहेर, मग गावाला ते कितीही मोलाचं असो. या नेमापायी मी चांगल्या चांगल्या माणसांशी हुज्जत घातली आहे. आज माझ्याच नकाशात जागोजाग माप चुकवलेलं आहे, तेही समजून-उमजून, आणि त्यावरून कोणी बोल लावला तर मी भांडायला तयार आहे. मन कसं फिरलं ते सांगतो.

मी जोह्याचा. पेण तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते गणपतींमुळे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घराला लागून कारखाने आहेत. आमच्याकडे कारखाना म्हणजे चिमणी आणि भोंगा नव्हे. पत्र्याची नाहीतर ताडपत्रीची शेड, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती आणि दारात उन्हात वाळत ठेवलेले सुटे हात. मी आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. सीझनमध्ये मान वर करायला फुरसत नसते. अनंत चतुर्दशी झाली की काही दिवस हात मोकळे असतात, आणि बारीक कुंचल्याची सवय लागलेला हात गप्प बसत नाही. नकाशांचं वेड लागलं ते त्या मोकळ्या दिवसांत.

नकाशे कॉम्प्युटरवर, चौकोन चौकोन भरून. पडद्यावरचं चित्र खूप मोठं करत नेलं की शेवटी रंगीत चौकोन उरतात, त्यांना पिक्सेल म्हणतात, हे आता शाळेतलं पोरगंही सांगेल. इतर लोक चित्र काढतात आणि चौकोन आपोआप होतात. पिक्सेल आर्टवाला एकेक चौकोन स्वतः ठेवतो. बर्लिनच्या ईबॉय या गटाने १९९७ पासून या पद्धतीने अख्खी शहरं उभी केली आहेत. टोकियो, लंडन, न्यूयॉर्क, खिडकीन् खिडकी, गाडीन् गाडी चौकोनांत बसवलेली. ती चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, मग जोह्यानेच काय घोडं मारलंय?

सुरुवात पेंटमध्ये केली. विंडोज एक्सपीमधला तो पेंट फक्त शेवटच्या तीन कृती माघारी घ्यायचा. चौथी चूक झाली की पहिली कायमची पदरात. पुढे जिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि मोठ्या नकाशाला हात घातला. एक चौकोन म्हणजे एक फूट, असं ठरवलं. का, तर मापात सगळं आलं पाहिजे. तुळशीवृंदावन दोन फुटांचं असेल तर त्याला दोन बाय दोन चौकोन. कारखान्याच्या दारातली फळी दीड फुटाची, तर तिचं काय करायचं यावर मी एक आख्खी संध्याकाळ घालवली होती. गावठाणापुरता हा कारभार ठीक चालला. कौलं, पत्रे, विहिरीचा कठडा, हँडपंप, देवळाच्या पायऱ्या सगळं बसलं. बघणारे आपलं घर शोधायचे, सापडलं की बोट लावून दाखवायचे, आणि त्यांच्या बोटाचा पीओपीचा ठसा माझ्या पडद्यावर राहायचा.

मग हाव सुटली. गावठाणापुरतं थांबायचं कशाला, शिवार घेऊ; जोह्याकडून दादर-रावेच्या अंगाला, खाडीकडे उतरत जाऊ. चार किलोमीटर लांब, चार किलोमीटर रुंद तुकडा धरला. चार किलोमीटर म्हणजे तेरा हजारांवर फूट. तेरा हजारांना तेरा हजारांनी गुणलं की सतरा कोटींच्या वर चौकोन होतात. एका चौकोनाच्या रंगाला कॉम्प्युटरच्या पोटात चार बाइट जागा लागते. एकावर एक असे तीन थर ठेवले, खाली जमीन, वर घरं, त्यावर अक्षरं, की दोन जीबी रॅम संपली. माझ्याकडे तेवढीच होती. हे गणित मला आधी करता आलं असतं, पण छंदात माणूस आधी गणित करत नाही.

मशीन जुनं होतं, आणि जोह्याची हवा त्याला मानवत नव्हती. आमच्याकडे दोन गोष्टी फटीफटीत शिरतात, खारा दमटपणा आणि पीओपीची पूड. पंख्याच्या पात्यांवर ही पूड बसते, पावसाळी हवेत ओल धरते आणि तिथेच घट्ट होते. मूर्तीसाठी तिचा हाच गुण कामाचा, पंख्यासाठी घातक. पंखा जड झाला की प्रोसेसर तापायचा आणि काम चालू असताना पडदा काळा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासायचे आणि परत खटकन बसवायची, हे मी झोपेतही करीन. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर एकदा डोक्यावर फुगले, ते डाग देणाऱ्याकडून बदलून घेतले. यूपीएसची बॅटरी गेलेली, त्यामुळे लाइट गेली की दर वेळी थोडा नकाशा जायचा. आणि बोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळे मशीन दर सकाळी २००९ सालच्या १ जानेवारीला जागं व्हायचं. त्याचा त्रास लगेच कळला नाही. पुढे कळला तेव्हा सगळ्या फायलींवर एकच तारीख होती आणि त्यातला नवा नकाशा कुठला, जुना कुठला, हे मलाच सांगता येईना.

तेव्हा मी सगळा दोष मशीनला दिला. चांगलं मशीन असतं तर नकाशा पुरा झाला असता, हे माझं ठरलेलं उत्तर. खरं तर या धंद्याचा मूळपुरुषही रॅमच्याच चणचणीत अडकला होता. रसेल कर्श या अमेरिकी इंजिनिअरने १९५७ साली पहिल्यांदा फोटो कॉम्प्युटरमध्ये घातला, आपल्या तान्ह्या मुलाचा. तो फोटो १७६ बाय १७६ चौकोनांचा; कारण मशीनमध्ये त्याहून जास्त मावतच नव्हतं. म्हातारपणी त्यांना पिक्सेल चौकोनी ठेवल्याची खंत वाटायची. मला त्यांची खंत फारशी पटत नाही. आमच्या भागात तरी चौकोनाला जुनं घराणं आहे.

ते घराणं मला सापडलं सातबारावर. घरातलं काही काम होतं म्हणून उतारा समोर होता आणि क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर-आर लिहिलेलं होतं. आर म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, शंभर चौरस मीटर. त्याआधी गुंठा. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली जमीन ३३ फुटी साखळीने मोजली गेली. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठा आणि आर यांत फरक शंभराला एक-सव्वा एवढाच. म्हणजे आमची माणसं शिवाराचा हिशेब पूर्वीपासून चौकोनांतच करत होती. मीच फूट घेऊन बसलो होतो.

एक चौकोन म्हणजे एक आर धरला आणि चार किलोमीटरच्या तुकड्याचे झाले ४०० बाय ४००, एक लाख साठ हजार चौकोन. सतरा कोटींवरून दीड लाखावर. मशीन हूं की चूं करेना. आणखी गंमत म्हणजे युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ पासून पृथ्वीचे फोटो काढतो आहे, त्याच्या मुख्य रंगांचा पिक्सेल नेमका दहा मीटरचा. मुद्दाम ठरवल्यासारखा, एका पिक्सेलला एक आर! फोटो कोणालाही फुकट मिळतात. मी ते खाली घेतले, त्यावर माझी जाळी बसवली, आणि माझ्या नेमाला आता वरून शिक्का मिळाला असं समजून शिवार भरायला घेतलं. नियम सोपा होता. चौकोनात ज्याचा वाटा जास्त त्याचा रंग. निम्म्याहून जास्त भात तर हिरवा, निम्म्याहून जास्त पाणी तर निळा. कोणाची भीडभाड नाही.

तो नकाशा छापून आणला आणि शेजारच्या नानांना दाखवला. नानांचं आयुष्य खारेपाटात, या खाडीकाठच्या शिवारात गेलं. त्यांनी चष्मा लावला, खाडी ओळखली, गाव ओळखलं, आमची जमीन कुठे असेल तिथे बोट फिरवलं. मग म्हणाले, “आनि बांद कं हाय रं? बांद नाय तं शेत कनचा?”

बांध नव्हता. माझ्या नियमाने तो असणंच शक्य नव्हतं. बांधाचा माथा माणसाला चालण्यापुरता, पायथा धरला तरी काही मीटर. दहा मीटरच्या चौकोनात त्याचा वाटा निम्म्याच्या वर जातच नाही. प्रत्येक चौकोनात तो मतदानात हरला होता, कुठे शेताकडून, कुठे खाडीकडून. उपग्रहाच्या फोटोतही तो धड दिसत नाही. शेताचा रंग आणि पाण्याचा रंग मिसळून मधे एक मळकट पट्टी उमटते, बस्स. मी नानांना हे सगळं समजावलं. माप, टक्केवारी, उपग्रह. नाना ऐकून घेत होते. मग त्यांनी कागद घडी करून परत दिला. मला वाईट वाटलं, पण पटलं नव्हतं. मापात बसत नाही त्याला मी काय करू?

बाहेरच्या वाचकासाठी बांधाबद्दल चार शब्द सांगायला हवेत. खारेपाटातली भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. उधाणाचं पाणी, पौर्णिमा-अमावास्येचं, शेतापेक्षा उंच चढतं. ते अडवतो मातीचा बांध. तो काही शेताच्या हद्दीवरचा बांध नव्हे, की ज्यावरून भाऊबंद कोर्टात जातात. हा समुद्राच्या विरुद्ध घातलेला. बांधात जागोजागी उघाडी असते. उघाडी म्हणजे पाण्याचा दरवाजा. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीचं पाणी तेच दार बाहेरून दाबून बंद करतं. माणसाला काही करावं लागत नाही, दार नीट बसणारं असलं म्हणजे झालं. दाराच्या बुडाशी एखादा ओंडका अडकला तर मात्र भरती आत येते. खेकडे बांध पोखरतात, बिळातून पाणी झिरपतं, झिरप्याची धार होते आणि एका उधाणाला खांड पडते. खांड पडली की एका रात्रीत शिवार खारं. मग ती जमीन गोडी व्हायला पावसाळ्यांमागून पावसाळे जावे लागतात. पावसाने मीठ धुऊन खाली नेल्याशिवाय भात धरत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ मध्ये त्याचा रायगड होण्याच्या कितीतरी आधीपासून, बांध घालणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा हक्क मानणारी शिलोत्री नावाची वेगळी पद्धतच होती. पुढे १९४८ साली आणि मग १९७९ साली खारभूमीचे कायदे झाले. हे सगळं कशासाठी? त्या काही मीटर मातीसाठी, जी माझ्या नकाशात नव्हती.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. खारेपाटात वाढलेल्या माणसाला बांध शिकवावा लागत नाही. तरीही नकाशा काढायला बसलो की मी मापाचा माणूस व्हायचो.

मन फिरलं ते नानांच्या बोलण्याने नाही, पेंटच्या डब्याने. जिंपने पुन्हा दगा दिला होता म्हणून मी नकाशा नव्याने पेंटमध्ये उभा करत होतो. अजून शिवारात रंग भरला नव्हता, सगळं पांढरं. खाडीचा काठ एकेक चौकोनाने आखला. असा काठ आखणं हे आमच्या आखणीइतकंच नाजूक काम आहे. चौकोनांनी गोलाई काढायची तर पायऱ्या हिशेबाने उतरवाव्या लागतात. आडवे पाच, मग तीन, मग दोन, मग एक एक, आणि वळण संपलं की परत दोन, तीन, पाच. मधेच चार आला की काठ मोडल्यासारखा दिसतो. सुरेख वळण साधलं तर एखाद्याचं आरभर शेत खाडीत जातं, शेत सांभाळलं तर वळण बिघडतं. मी अर्थातच शेत सांभाळत होतो. काठ पुरा झाला असं वाटलं तेव्हा रंगाचा डबा उचलला आणि खाडीत निळा ओतला.

पेंटमधल्या डब्याचा स्वभाव असा की ओतलेला रंग अडेल तिथपर्यंत पसरतो. रंग अडतो तो रेषेने. माझ्या रेषेत कुठेतरी एक चौकोन राहून गेला होता. क्लिक केलं आणि निळा त्या भोकातून आत आला. शिवार निळं, रस्ता निळा, गावठाणाच्या कडेपर्यंत सगळं निळं. क्षणभर मी नुसता बघत राहिलो. मग राहिलेला चौकोन शोधायला बसलो. पडदा आठपट मोठा करून काठाकाठाने जाताना हळूहळू डोक्यात शिरलं की मी जे शोधतो आहे ती खांड आहे. ज्या रेषेवर हे अख्खं चित्र उभं होतं, तिला मी काठाची रेषा म्हणत होतो, आणि रंग भरून झाला की तीच पुसून टाकणार होतो, कारण मापात ती नाही.

ती मी पुसली नाही. बांधाला पूर्ण चौकोनाची रुंदी दिली, सलग, खाडीच्या काठाने टोकापासून टोकापर्यंत, गडद तपकिरी. खरा बांध माझ्या चौकोनाच्या मानाने कितीतरी बारीक, म्हणजे मी त्याला फुगवला. कोणाचे किती आर त्याखाली गेले ते मला माहीत आहे. तेवढं करून थांबलो नाही. उघाडी ही तर काही फुटांची गोष्ट. तिलाही एक चौकोन दिला, आणि साऱ्या नकाशात दुसऱ्या कशालाच न वापरलेला शेंदरी रंग दिला.

एकदा पाऊल वाकडं पडल्यावर मी इतर नकाशे जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७ सालची संस्था, मापाच्या बाबतीत तिच्याहून कडक कोण? तिच्या १:५०,००० च्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. सहा मीटर रुंदीचा रस्ता त्या मापात काढला तर ०.१२ मिलिमीटरचा होईल, छापला तरी दिसणार नाही. म्हणून तो जाड काढतात. रेल्वे तशीच, देऊळ तसंच, विहीर तशीच. तो रस्ता पट्टीने मोजला तर जमिनीवर भलताच रुंद निघेल, पण मोजणाऱ्याला कळतं की हे माप नाही, खूण आहे. मी ज्यांच्या नावाने नेम पाळत होतो ते स्वतःच हा नेम पाळत नव्हते. आणि घरचं सांगायचं तर मी पोटासाठी जे करतो त्यात तरी वेगळं काय आहे? मूर्तीचे डोळे चेहऱ्याच्या मापाने काढले तर मखरात बसलेला गणपती कोणाकडेच बघत नाही. डोळा मोठा घ्यावा लागतो. हे मी वर्षानुवर्षं हाताने करत होतो आणि नकाशाला बसल्यावर विसरत होतो.

पण माप सोडलं की सगळे प्रश्न सुटले असं मुळीच नाही. उलट नवे उभे राहतात, आणि ते मापापेक्षा अवघड आहेत. माप पाळणाऱ्याला कोणी विचारत नाही की हे मोठं का आणि ते लहान का. फुगवणाऱ्याला विचारतात. नकाशा गावात फिरला तसं एक कारखानदार म्हणाला, आमची शेड ठळक घ्या, गावाचं नाव तिच्यामुळे आहे. दुसऱ्याचं म्हणणं देऊळ मोठं हवं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. मी दोघांनाही नाही म्हटलं, आणि तेव्हा एक कसोटी ठरवून टाकली: जी गोष्ट गेली तर बाकीचे चौकोन बदलतील, तिलाच मापाबाहेर जागा. शेड पडली तर शेजारचं शेत खारं होत नाही. कसोटी परिपूर्ण नाही. हेटवणे धरणाचा कालवा तिच्यात बसतो, पण गावातली शाळा बसत नाही, आणि ते मला अजून खटकतं.

सगळ्यात धास्ती वाटली ती दोन भावांनी नकाशाची प्रत मागितली तेव्हा. हद्दीचा वाद होता आणि एकाला माझा कागद पुरावा म्हणून हवा होता. माझ्या कागदात बांधाखाली लोकांचे आर गडप झालेले! प्रत दिली नाही. त्या दिवसापासून नकाशाच्या कोपऱ्यात ओळ आहे, “यावरून जमीन मोजू नये.” मोजणी हवी तर मोजणीचा अर्ज करावा, तिथलं काम माझ्या छंदाने व्हायचं नाही. नेम पाळत होतो तेव्हा ही ओळ लिहायची वेळ आली नसती, हे कबूल करतो. एवढं नुकसान या मतपालटात आहेच.

दुसरा बदल रंगाचा. माझ्या रंगपेटीत फिकट राखाडी रंग ‘पडीक’ या नावाने होता. उपग्रहाच्या फोटोत जिथे भात दिसला नाही तिथे राखाडी. नानांनीच दुसऱ्या फेरीत त्यातल्या एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, हा पडीक का? मला सांगता येईना. मग विचारत गेलो. एका तुकड्यात खांड पडून खारं पाणी शिरलेलं. एकात भराव टाकून ठेवलेला. एकाची मालकीण मुंबईला, कसायला माणूस नाही. एकात कोळंबी. एक विकायला काढलेला, गिऱ्हाईक यायचं आहे. पाच वेगळ्या गोष्टींना मी एक रंग आणि एक नाव दिलं होतं, आणि ते नाव साधं नाही. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन घ्यायची होती तेव्हा आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचं मुख्य म्हणणं हेच होतं की ही जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली आहे, ओलिताखाली येणारी आहे. पेण तालुक्यातल्या अशा २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सेझबद्दल शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं होतं. जमीन कुठल्या रंगात दाखवली जाते यावर किती काही ठरतं, ते इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. आता पुन्हा वारं तसंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या पट्ट्यात नवं शहर वसवायचं काम एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेलं. अशा वेळी कोणाच्या शेतावर बसल्या जागी राखाडी चौकोन ठेवताना माझा हात आता अडखळतो. ‘पडीक’ हा रंग मी काढून टाकला. त्याच्या जागी कारणांचे रंग आहेत, आणि कारण कळलं नसेल तर चौकोन पांढरा राहतो.

उपग्रहाशी माझं भांडण नाही. उन्हाळ्यात तो मला खाडीचा काठ माझ्या डोळ्यांपेक्षा बरा दाखवतो. पण ज्या महिन्यांत बांधाचं खरं काम असतं, जून ते सप्टेंबर, त्या महिन्यांत त्याला आमच्यावर ढगच दिसतात. ढग फाटले तर सगळीकडे पाणी. लावणीचं पाणी, तळ्याचं पाणी आणि खांडीतून आलेलं पाणी वरून जवळपास सारखंच. खाली येऊन चाखल्याशिवाय गोडं का खारं ते कळत नाही. नाना खरोखर चाखतात.

मशीनची दुखणी संपलेली नाहीत. पंखा अजून महिन्याच्या महिन्याला खरवडतो, रॅम अजून घासतो. घड्याळाचा सेल मात्र बदलला, पन्नास रुपयांच्या आतली वस्तू, आणि त्याशिवाय प्रत्येक नकाशाच्या तळाशी तारीख आणि तिथी दोन्ही चौकोनांनीच लिहितो. तिथी एवढ्यासाठी की बांधाची पाहणी उधाणाला केली की भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, हे नुसत्या तारखेवरून कळत नाही. जुन्या, तारीख हरवलेल्या फायली टाकल्या नाहीत. त्यातल्या एकीत आज भराव पडलेल्या जागी भात आहे. कुठल्या सालचं, ते कोणाला आठवत असेल तर हवं आहे.

तेव्हा जोहे, कळवे, हमरापूर, दादर, रावे या बाजूच्या वाचकांना एक विनंती. आपल्या घरात कोणाला जुन्या उघाड्यांच्या जागा आणि नावं सांगता येत असतील, कुठली खांड कोणत्या पावसाळ्यात पडली ते आठवत असेल, तर ते लिहून ठेवा. वहीच्या पाठच्या पानावर लिहिलं तरी चालेल. आपल्या गावाचा असा नकाशा करावासा वाटला तर एका आराला एक चौकोन धरा, जुनं मशीनसुद्धा तेवढं ओढतं. फाइल पीएनजीमध्ये ठेवा. जेपीजीत ठेवली तर चौकोनांच्या कडा विरघळतात आणि आधी बांध जातो. व्हॉट्सअपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.